चोराला पाटावर बसवा

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली की कोणाचं लग्न, हे विचारत बसू नका. बरं दिसत नाही. पाठवणारे सोसायटीचे सेक्रेटरी, फाइलचं नाव 'लग्नपत्रिका' आणि शेपटाला 'एपीके'. फोटो असता तर जेपीजी असता, कागद असता तर पीडीएफ. ही पत्रिका म्हणजे अख्खं ॲप आहे. हल्ली हळदीलासुद्धा ड्रोन उडतो, मग पत्रिकेचं ॲप झालं तर बिघडलं कुठे?

फोन थोडी कुरकुर करेल. अनोळखी ठिकाणचं ॲप आहे, जपून, वगैरे. घरातली म्हातारी माणसंही अशीच प्रत्येक कार्यात आडवी येतात. आपण ऐकतो का? सेटिंगमध्ये जा, परवानगी द्या. मग पत्रिका अदबीनं विचारेल, तुमचे मेसेज वाचू? हो. मेसेज पाठवू? हो. कॉन्टॅक्ट बघू? बघा की, आपलीच माणसं आहेत. मुहूर्त सांगायला माझे एसएमएस कशाला हवेत, असले प्रश्न सोयऱ्यांना विचारायचे नसतात.

एवढं झाल्यावर आयकॉन गायब होतो आणि पत्रिका काही दिसत नाही. नेटला रेंज नसेल म्हणून चहा टाका. आधण येईपर्यंत बँकेचे ओटीपी परस्पर पाहुण्यांकडे जायला लागलेले असतात. 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ इतक्या मनापासून पाळणारे यजमान दुसरे नाहीत. आणायचे कष्टच नाहीत, ते येऊन घेऊन जातात.

पूर्वी बिचाऱ्यांना किती खस्ता खाव्या लागायच्या! ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर डल्ला मारायचा तर बँकेच्या यंत्रणेत मालवेअर घुसवा, बनावट कार्डं तयार करा, २८ देशांत एटीएमपुढे माणसं उभी करा, त्यात शनिवार गाठा. तेव्हा कुठे ९४ कोटी सुटले. तुमच्यासारखा यजमान भेटल्यावर एवढा खटाटोप कोण करेल?

लग्नसराई नसली तरी खाडा पडू देऊ नका. गाडी विकून चार वर्षं झाली असली तरी वाहतुकीच्या दंडाचं 'चलन' एपीके म्हणून आलं की उघडाच. 'आज रात्री साडेनऊला वीज तोडू' असा मेसेज साध्या मोबाइल नंबरवरून आला तर लगेच फोन लावा. पहिल्या रिंगला उचलतात. (सरकारी कामात पहिल्या रिंगला फोन उचलला जातो, एवढ्यावरूनही शंका येऊ नये, हे आपलं मोठेपण.)

पैसे गेल्याचं कळलं की सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा १९३० हा नंबर मात्र लावू नका. पहिल्या तासाभरात तक्रार गेली तर पैसे चोरांनी भाड्याने घेतलेल्या पुढच्या कोणाच्या तरी खात्यात सरकण्याआधीच गोठवले जाऊ शकतात, म्हणजे पाहुण्यांना वाटेतून परत बोलावण्यासारखंच. आधी भावाला विचारा, मग मेहुण्याला, मग सोमवारी बँकेत जा.

तोवर तुमच्याच व्हॉट्सॲपवरून तीच पत्रिका सगळ्या गोतावळ्यात गेलेली असेल. माहेरच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर, दहावी ब च्या ग्रुपवर. रात्री जेवताना मावशीचा फोन येईल, "अगं, पत्रिका उघडत नाहीये गं. चारदा हो म्हटलं. परत पाठव बरं."