‘आत’ म्हणजे नेमकं किती आत?

बारा इंच. टेबलावर छोट्या बाहुल्यांच्या फौजा लढवायचा खेळ आम्ही खेळतो. त्यात सेनापतीपासून बारा इंचांच्या आत असलेल्या पलटणीला हुकलेले फासे एकदा परत टाकता येतात, एवढंच रूलबुकात लिहिलंय. आत म्हणजे अख्खी पलटण आत, की एका भालाइताच्या बेसची, म्हणजे पायाखालच्या चकतीची, कड आत आली तरी पुरे? लिहायला एक शब्द पुरला असता. तो लिहिला नाही आणि त्यापायी मागच्या रविवारची दुपार आम्ही चौघांनी फोंड्यात एका मित्राच्या घरी, डायनिंग टेबलाभोवती भांडून घालवली.

महिन्यातून एकच रविवार मिळतो आम्हाला. एक जण वास्कोहून येतो, एक डिचोलीहून, भर पावसात, बाहुल्यांचे डबे प्लास्टिकमध्ये गुंडाळून. माझं घोडदळ रंगवायला सहा आठवडे गेले. पावसाळ्यात इथे प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराचा, स्प्रे मारायचा म्हणजे काय असतं ते करणाऱ्यालाच ठाऊक. हवेत दमटपणा जरा जास्त असला की रंग खरखरीत बसतो आणि 28 मिलिमीटरच्या माणसाचा चेहराच जातो. म्हणून ऊन कधी पडतंय याची वाट बघत बसायचं, पडलं की गच्चीवर धावायचं. एवढं करून टेबलावर आणलेलं घोडदळ एका शब्दाच्या कीस काढण्यात मरतं, तेव्हा डोकं फिरणारच.

झालं ते असं. मी घोडदळ समोरच्या खेळाडूच्या वीस भालाइतांवर घातलं. त्याने टेप लावली. वीसपैकी तिघे बारा इंचांत, सतरा बाहेर. तो म्हणाला, सगळ्या वीस जणांचे फासे परत टाकणार. का? तर याच पुस्तकात दुसरीकडे, ढालीच्या मंत्रापाशी, ‘होली विदिन’, म्हणजे ‘पूर्ण आत’, म्हटलंय आणि इथे नुसतं ‘विदिन’. म्हणजे इथे थोडासा भाग आत असला तरी चालतो.

मी मान्य केलं. मनापासून केलं, कारण मुद्दा बरोबर होता. मी वकिलाच्या ऑफिसात दस्त टाइप करतो. एका कलमात ‘संपूर्ण’ लिहिलं आणि दुसऱ्यात गाळलं, तर त्या गाळण्यालाही अर्थ असतो, हे मला कोणी शिकवायला नको. साध्या विक्रीखतातही आम्ही सर्व्हे नंबर, चौरस मीटर, पूर्वेला काय, पश्चिमेला काय, सगळं लिहितो, कारण ‘रस्त्यालगतची जागा’ एवढंच लिहिलं आणि तिथे रस्ते दोन निघाले, तर नातवंडं कोर्टात उभी राहतात. त्याने फासे परत टाकले, माझं घोडदळ उधळलं. नियम तो नियम.

पाऊण तासाने माझी पाळी. माझ्या मांत्रिकाने जंगलावर काट्यांचा मंत्र टाकला: जंगलाच्या आत असलेल्या प्रत्येक पलटणीला जखमा. ‘विदिन’. तोच शब्द, पुढे-मागे ‘होली’ नाही. त्याचे तेच भालाईत, सहा झाडांत, चौदा बाहेर. आणि हा माणूस म्हणतो काय, “अरे, पलटण जंगलात आहे असं म्हणायला सगळी नको का आत? लेखकाला तसंच म्हणायचं असणार.”

तेच पुस्तक. तोच शब्द. तेच तोंड! मघाशी अक्षर न् अक्षर धरून बसला होता, आता एकदम लेखकाच्या मनात शिरला. लिहिलंय तसं वाचायचं की लेखकाचा हेतू बघायचा, हा वाद या खेळांत जुनाच आहे आणि माझं दोन्हींपैकी कशालाच ना नाही. पण सकाळी एक ठरवा आणि संध्याकाळपर्यंत त्यालाच धरून राहा. आपल्या फायद्याचं असेल तिथे अक्षर आणि अंगावर येईल तिथे हेतू, याला नियमाचा अर्थ लावणं म्हणत नाहीत. याला रडी म्हणतात. कॅरमबोर्डावर असं केलं असतं तर दहा वर्षांच्या पोरांनीही त्याला उठवलं असतं.

मग यजमान म्हणाला, “सोड मरे, फासो मार.” एक ते तीन आला तर त्याचं खरं, चार ते सहा आला तर माझं. असल्या वादात फासा टाकून मोकळे व्हा, असा सल्ला रूलबुकंच देतात आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त चीड येते. ज्याची बाजू पुस्तकात स्पष्ट दिसतेय आणि ज्याने आत्ता दामटून काहीतरी काढलंय, त्या दोघांना पन्नास-पन्नास टक्के? मग उद्या मीही काहीही दामटेन. निम्म्या वेळा जिंकेनच की.

1824 मध्ये प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ या अधिकाऱ्याचा क्रीगश्पील हा युद्धाचा खेळ आला, तेव्हा त्यात पंच होता. दोन्ही बाजू आपले हुकूम पंचाला देत आणि काय घडलं ते तो सांगे. आपल्या टेबलावरून पंच गेला, राहिलं फक्त पुस्तक. मग त्या पुस्तकाने पंचाइतकं नेमकं बोलायला नको? एज ऑफ सिग्मार हा असाच बाहुल्यांचा खेळ 2015 मध्ये आला तो चार पानांच्या नियमांवर. त्यात बेस हा बाहुलीचा भागच धरला नव्हता, अंतर बाहुलीपासून मोजायचं. म्हणजे भाला पुढे करून चिकटवला की पोच वाढली. पुढे 2018 च्या आवृत्तीत मोजणी बेसपासून सुरू झाली. दुरुस्ती करता येते, हे यावरून दिसतंच. आमच्या गेमचं शंकानिरसनाचं पत्रकही मी त्या रात्री मोबाइलवर शेवटपर्यंत वाचलं. कोणाच्या मनातही येणार नाहीत असे प्रश्न त्यात आहेत. ‘आत’बद्दल एक ओळ नाही.

फासा टाकला. दोन आला. त्याचे चौदाही वाचले आणि सहाही.

मी एका कागदावर पाच शब्द आणि त्यांचे अर्थ लिहून ग्रुपवर टाकलेत: आत, पूर्ण आत, फेरी, पाळी, पलटण. दोघांनी हो म्हटलं. तो म्हणतो, “बघूया रे.” बघूया नाही. पुढच्या वेळी त्या कागदावर चौघांच्या सह्या झाल्याशिवाय माझा एकही घोडेस्वार डब्यातून बाहेर येणार नाही.