मला कधीकधी राग येतो

काल ऑफिसने मला लेखी कळवलं की मी खोटारडा आहे. शब्द सभ्य आहेत, ‘स्वतःला चांगलं दाखवण्याकडे कल’. अर्थ तोच.

बढतीसाठी व्यक्तिमत्त्व चाचणी होती, ऑनलाइन, १२० विधानं. घरचं नेट बंद, म्हणून रामबागेतल्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो. शेजारच्या खुर्चीत आमच्या वाड्यातले तात्या, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी. नोव्हेंबर ना. मशीन त्यांचा अंगठा ओळखेना, त्यामुळे त्यांना वेळच वेळ.

‘मला लोकांमध्ये मिसळायला आवडतं,’ तात्यांनी माझ्या स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचलं. ‘लोक म्हणजे कोण रे? आपले की सासुरवाडीचे?’

‘तसं काही दिलेलं नाही, तात्या.’

‘मग उत्तर कशाचं देतोस?’

पर्याय पाच, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत. ही शिडी लिकर्ट नावाच्या अमेरिकन माणसाची, १९३२ सालची. मी मधल्या पायरीवर माउस नेला तर तात्या भडकले. ‘मधलं कसलं? पोह्यावर शेव नको, जिरावण मसालाही नको म्हणणाऱ्यातला आहेस का तू? इंदुरात राहतोस ना?’

मागून मुलगा ओरडला, ‘तात्याजी, अंगूठा पोंछ के फिर लगाओ!’ तात्यांनी तो धोतराला पुसला आणि पुढचं वाचलं, ‘मला कधीकधी राग येतो.’

‘येतो,’ मी म्हणालो.

‘वेडा आहेस? नोकरीचा मामला. कधीच नाही, लिही.’

लिहिलं. तिथेच फसलो. असल्या विधानांना म्हणे खोटेपणाची पट्टी म्हणतात. १९४३ सालच्या एमएमपीआय नावाच्या अमेरिकन व्यक्तिमत्त्व चाचणीतही ती आहे. राग सगळ्यांनाच येतो, तेव्हा अशा बऱ्याच विधानांना ‘नाही’ म्हणणारा लबाड. ठीक. पण बावीस वर्षं याच ऑफिसात मी राग गिळण्याचाच पगार घेतो आहे. साहेबांनी शनिवारी संध्याकाळी फाइल टाकली तरी ‘हो सर’. परवा एकदा ‘नाही जमणार’ म्हणालो, तर वार्षिक अहवालात ‘तापट’ आलं. गिळला तर खोटारडा, ओकला तर तापट. यांना नेमका किती राग हवाय, तेवढं एक विधान १२०मध्ये नव्हतं.

बिने नावाच्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १९०५मध्ये बुद्धीची चाचणी बनवली ती शाळेत मागे पडणाऱ्या पोरांना मदत मिळावी म्हणून. इथे मदतीचं कोणी बोलेना. चोवीस वर्षांच्या मॅडमनी कागद दिला आणि म्हणाल्या, ‘पर्सनली घेऊ नका.’ व्यक्तिमत्त्वाचा अहवाल आणि पर्सनली घ्यायचा नाही!

संध्याकाळी तात्यांना कागद दाखवला. चष्मा वर-खाली करत त्यांनी सगळा वाचला.

‘तुझं बरंय,’ म्हणाले. ‘तू निदान खोटारडा तरी आहेस. माझा अंगठा आजही लागला नाही.’