एक सूत बाहेर

आमच्या इमारतीत सध्या अशी ठाम समजूत आहे की माझ्या इंजिनवाल्या सायकलची चेन तळमजल्यावरच्या काकांनी सरळ करून दिली. काकांनी पान्याला बोटसुद्धा लावलेलं नाही.

सायकलला बसवायचं टू-स्ट्रोक इंजिनचं किट मिळतं. त्यातलं मागच्या चाकाचं 44 दात्यांचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक, चक्क स्पोकांवर बसतं. दोन्हीकडून रबरी चकत्या, मध्ये स्पोक, आणि नऊ बोल्ट. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळा, असं जो तो सांगतो. नऊ बोल्टांत कोणाच्या समोर कोण? ज्याच्या समोर बघावं तिथे दोन बोल्टांमधली मोकळी जागा! ज्याने हा आकडा ठरवला त्याला एकदा भेटायचंय. मग स्प्रॉकेट डुलतं, इंजिनच्या स्प्रॉकेटशी त्याचं एका रेषेत जमत नाही आणि चेन उतरते. साध्या सायकलची चेन उतरली तर हात काळे होतात. ही स्पोकांत अडकली तर चाक जागीच थांबतं आणि आपण एकटेच पुढे जातो.

म्हणून अवजार बनवलं. अॅल्युमिनियमचा सरळ अँगल, म्हणजे काटकोनी पट्टी, आणि एका टोकाला सारख्या जाडीची दोन लोहचुंबकं. ते टोक मागच्या स्प्रॉकेटच्या सपाट अंगाला चिकटवायचं. दुसरं टोक इंजिनच्या दात्यांपाशी जातं. तिथे चुंबकाच्या जाडीएवढीच फट राहिली की जमलं. आधी लेझर लावून पाहिला होता, पण त्याचा किरण स्वतःच्या नळीशीही समांतर नव्हता. नळी जागच्या जागी फिरवली की ठिपका भिंतीवर प्रदक्षिणा घालायचा.

मी जमिनीवर आडवा होऊन फट मोजत असताना डोक्यापाशी चपला येऊन थांबल्या.

"एक सूत बाहेर आहे," काका म्हणाले. एक डोळा मिटलेला.

"काका, तेच मोजतोय."

"मोजायचं काय त्यात? दिसतंय." दुसरा डोळा मिटून पाहिलं. "आता आत दिसतंय. पण बाहेरच आहे."

मी समजावलं की स्प्रॉकेट जेमतेम अठरा सेंटिमीटरचं. तेवढ्यात एक मिलिमीटर तिरकं असलं तर अर्ध्या मीटरवर ते जवळपास तीन मिलिमीटर होतं. नजरेला कळत नाही.

"तीन मिलिमीटर म्हणजे एक सूतच की रे!" काका खूश. "आणि ही पट्टी सरळ आहे हे कशावरून?"

प्रश्न रास्त होता, याचाच जास्त राग आला. कागदावर पट्टीच्या कडेने रेघ मारली, पट्टी उलटी करून त्याच दोन बिंदूंतून पुन्हा मारली. रेघा एकावर एक बसल्या.

"पेन्सिल जाड आहे तुझी."

मग मूळ मुद्दा आला. "पूर्वी कुठे होत्या असल्या पट्ट्या? बनवल्याच ना लोकांनी गाड्या?" मी म्हटलं, 1885 साली डाइम्लर आणि मायबाख या जर्मन इंजिनिअरांनी दुचाकीच्या लाकडी सांगाड्यावर इंजिन बसवलं, तेव्हा तोल सांभाळायला बाजूला दोन छोटी चाकं लावावी लागली होती. आणि इंजिनाला चेन नव्हती, पट्टा होता.

"मग तू पट्टा का नाही लावत?"

यावर मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खरं तर काकांवर रागावून उपयोग नाही. किटवाले इंजिन देतात, चेन देतात, सरळ रेषेचं मात्र नाव काढत नाहीत. त्याऐवजी एक टेन्शनर देतात, फ्रेमच्या नळीला आवळायची चकती. चेन तिरकी असली तरी ती ओढून धरते, म्हणजे दोष झाकला जातो. आणि इंजिनाच्या थरथरीने एक दिवस तीच सैल होते, नळीभोवती फिरते आणि स्पोकांत घुसते. चित्रांचा एक कागद मिळतो, त्यात सायकलवरचा माणूस हसतोय. बोल्टही सैल होत राहतात, त्यामुळे मोजणं एकदाच करून सुटका नाही.

तर पुन्हा मोजायची वेळ आली, तेव्हा अँगल काकांकडे होता. कपाटाचं दार तपासायला नेला होता. मागायला गेलो तर भिंतीवर खिळ्याला टांगलेला, आणि त्यासाठी बरोबर मध्यभागी भोक पाडलेलं.

"काका, हे काय?"

"नुसता टेकवून ठेवला असता तर वाकला असता ना रे."

भोकही एक सूत बाहेर होतं.