कव्हरवरचं नाव सोडा, मागची यादी वाचा

जॅझ ऐकायला सुरुवात करणाऱ्याच्या हाती पहिल्यांदा काय पडतं, तर 'हे शंभर अल्बम ऐकलेच पाहिजेत' छापाची यादी. ती बाजूला ठेवा. १९२८चा लुई आर्मस्ट्राँग आणि १९७०चा माइल्स डेव्हिस तिच्यात शेजारीशेजारी बसवलेले असतात आणि दोघांचं नातं काय, हे कोणी सांगत नाही. पाचव्या अल्बमपर्यंत माणूस ठरवून मोकळा होतो की हे आपलं काम नव्हे.

माझं म्हणणं असं, की एकच रेकॉर्ड घ्यावी, ती महिनाभर ऐकावी आणि पुढचं नाव तिच्यावरच्या वादकांमधून उचलावं. जॅझमध्ये अल्बम ज्याच्या नावावर निघतो, तो त्या दिवसापुरता कप्तान. आज मागे बसलेला पियानिस्ट वर्षभरात स्वतःचा बँड घेऊन येतो. म्हणून कव्हरवरच्या मोठ्या अक्षरांपेक्षा मागच्या बाजूची बारीक अक्षरातली यादी जास्त कामाची.

पहिली रेकॉर्ड माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू'च. उत्तर गुळगुळीत झालंय, मान्य. पण नवख्या कानाला इतकी मोकळी जागा देणारी दुसरी सापडणं कठीण. १९५९च्या २ मार्च आणि २२ एप्रिल या दोन दिवसांत न्यूयॉर्कमध्ये ती ध्वनिमुद्रित झाली. माइल्सचा ट्रम्पेट, जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्ली सॅक्सोफोनवर, पियानोवर बिल एव्हान्स (एका रचनेत विंटन केली), बासवर पॉल चेंबर्स, ड्रम्सवर जिमी कॉब.

त्यातलं 'सो व्हॉट' मोजत ऐका. सुरुवातीचा अर्धा मिनिट सैल आहे, तो सोडून द्या. मग बास एक प्रश्न विचारतो आणि बाकीचे दोन स्वरांत उत्तर देतात. तिथून मोजायला लागा: चार मात्रांचा एक बार, असे बत्तीस बार. पहिले सोळा एका स्वरपट्टीत, पुढचे आठ तेच सगळं अर्धा स्वर वर, शेवटचे आठ पुन्हा खाली. या फेरीला कोरस म्हणतात, आणि इथे ती जेमतेम मिनिटभराची आहे. साधारण दीड मिनिटावर कॉबची झांज खणकन वाजते आणि माइल्स सुटतो. तो दोन फेऱ्या वाजवतो, कोल्ट्रेन दोन, ॲडर्ली दोन, एव्हान्स एक. मधले आठ बार आले की जमीन किंचित वर उचलल्यासारखी वाटते. ती जागा न मोजता कळू लागली की जॅझ ऐकण्याचं निम्मं काम झालं.

आपल्याकडचा श्रोता याला आवर्तन म्हणेल. म्हणावं, मोजण्यापुरतं ते बरोबरच आहे. पण रागासारखी सावकाश बढत इथे शोधू नका, निराशा होईल. इथे पायाखालचे स्वरसमूह, म्हणजे कॉर्ड्‌स सरकत असतात आणि वादक त्या सरकण्याशी खेळत असतो. 'सो व्हॉट'मध्ये ते दोनच आहेत, म्हणून सोपं जातं. त्याच वर्षी कोल्ट्रेनने 'जायंट स्टेप्स' ध्वनिमुद्रित केलं, त्यात ते इतक्या वेगाने बदलतात की तिथून सुरुवात करणारा पळूनच जाईल.

आता गोष्टी बिघडतात कुठे, ते. पहिली चूक म्हणजे फोनच्या स्पीकरवर ऐकणं. डबल बासची सगळ्यात खालची तार एक्केचाळीस हर्ट्‌झच्या आसपास असते. एवढ्याशा स्पीकरमधून तो मूळ स्वर बाहेरच पडत नाही, आणि बास गेला की फेरी कुठून सुरू झाली याचा पत्ता लागत नाही. साधे हेडफोन चालतील. दुसरी चूक शफल, म्हणजे रचना उलटसुलट क्रमाने लावणं. तिसरी म्हणजे 'शांत जॅझ, कामासाठी' असल्या प्लेलिस्ट. त्यात वादकांची नावं नसतात, म्हणजे पुढे जायचा धागाच नसतो. (त्यातलं बरंचसं संगीत मुळात दुर्लक्ष करण्यासाठीच बनवलेलं असतं, हा वेगळा राग.)

आणखी एक सापळा नव्या आवृत्त्यांचा. मूळ अल्बमच्या मागे त्याच रचनांचे वगळलेले टेक, म्हणजे तेव्हा न वापरलेली ध्वनिमुद्रणं, जोडलेले असतात. नवा श्रोता ते ओळीने ऐकतो, तीच धून पुन्हा येते आणि त्याला वाटतं, सगळं सारखंच आहे. मूळ अल्बम संपला की थांबा. ॲपमध्ये नावांचाही घोळ होतो: पियानिस्ट बिल एव्हान्स १९८०मध्ये गेला, पण त्याच नावाचा एक सॅक्सोफोनवादक ऐंशीच्या दशकात माइल्सबरोबर वाजवत होता. नावावर टिचकी मारण्याआधी वाद्य बघा.

दुसऱ्या महिन्यात एकच धून दोघांकडून ऐका. 'ऑटम लीव्ह्‌ज' घ्या. कॅननबॉल ॲडर्लीच्या १९५८च्या 'समथिन एल्स'वर ती सावकाश उलगडते, माइल्स ट्रम्पेटला म्यूट (आवाज दाबणारं बूच) लावून धून जवळजवळ कुजबुजतो. मग बिल एव्हान्सच्या त्रयीचा 'पोर्ट्रेट इन जॅझ' लावा. तिथे स्कॉट लाफारोचा बास गुमान ठेका धरून चालत नाही, पियानोला मध्येच तोडतो, उत्तरं देतो. तो आवडला तर याच त्रयीचं २५ जून १९६१चं व्हिलेज व्हॅनगार्ड या न्यूयॉर्कच्या जॅझ क्लबमधलं ध्वनिमुद्रण ऐकाच. त्यानंतर अकरा दिवसांनी लाफारो अपघातात गेला, वय पंचवीस. कोल्ट्रेन आवडला असेल तर 'अ लव्ह सुप्रीम', पण कान एल्विन जोन्सच्या ड्रम्सवर ठेवून.

फ्यूजनकडे, म्हणजे जॅझमध्ये रॉक आणि इलेक्ट्रिक वाद्यं मिसळलेल्या संगीताकडे, जायचं दार मात्र एकच, आणि त्यावर तारीख लिहिलेली आहे: १८ फेब्रुवारी १९६९. त्या दिवशी माइल्सने 'इन अ सायलेंट वे' ध्वनिमुद्रित केलं. हजेरी बघा. वेन शॉर्टर, हर्बी हॅनकॉक, चिक कोरिया, जो झाविनुल, जॉन मॅक्लॉफ्लिन, डेव्ह हॉलंड, टोनी विल्यम्स. तीन माणसं एकाच वेळी कीबोर्डवर! पुढच्या चार-पाच वर्षांतलं बहुतेक महत्त्वाचं फ्यूजन या एका खोलीतून निघालं. झाविनुल आणि शॉर्टरने वेदर रिपोर्ट हा बँड काढला, मॅक्लॉफ्लिनने महाविष्णू ऑर्केस्ट्रा, कोरियाने रिटर्न टू फॉरएव्हर, हॅनकॉकने 'हेड हंटर्स' हा अल्बम, विल्यम्सने लाइफटाइम. एवढी वंशावळ डोक्यात बसली की शंभर अल्बमच्या यादीची गरज उरत नाही.

अल्बम अडतीस मिनिटांचा, रेकॉर्डच्या एकेका बाजूला एक असे दोनच तुकडे. दुसऱ्या तुकड्याची पहिली चार मिनिटं नीट ऐकून ठेवा, कारण शेवटी तीच परत येतात. पुन्हा वाजवलेली नव्हेत. निर्माता टिओ मासेरोने टेप कापून तोच भाग शेवटी जोडला. जॅझ म्हणजे त्या क्षणी वाजलं तेच खरं, असं मानणाऱ्यांना हे तेव्हा खुपलं, काहींना आजही खुपतं. मला विचाराल तर ती कात्री त्या बैठकीतलं आणखी एक वाद्यच होती.

यातून पुढे कुठे वळायचं, हे कान कशावर रेंगाळतो त्यावर ठरवा. ठेका आवडत असेल तर 'हेड हंटर्स'वरचं 'कमेलियन': सिंथेसायझरवरची एक बास-ओळ, त्यावर एकेक वाद्य चढत जातं, पंधरा मिनिटांहून अधिक. धून हवी असेल तर वेदर रिपोर्टचं 'हेवी वेदर', १९७७. त्यात जाको पास्टोरियसचा पडदे काढलेला बास गातो. वेग आणि विषम मात्रा सोसत असतील तर महाविष्णूचं 'द इनर माउंटिंग फ्लेम', पण ते सलग ऐकू नका, कान थकतात. मॅक्लॉफ्लिनच तिथून वीज बंद करून शक्ती या बँडकडे वळला: झाकीर हुसेन, एल. शंकर, विक्कू विनायकराम. पहिला अल्बम १९७५च्या थेट मैफलीचा आहे. बाकी, फ्यूजनच्या नावाखाली ऐंशीच्या दशकात आलेला बराच चकचकीत माल खुशाल वगळा.

आणि माइल्सचंच 'बिचेस ब्रू'? सगळे आधी तेच सुचवतात, मी ते सहाव्या महिन्यात ठेवेन. दोन बास, एकाहून जास्त ड्रमर, तीन-तीन कीबोर्ड. कोण कोणाला उत्तर देतंय हे ओळखता येत नसेल तर तो नुसता गलका आहे. तोवर मागची यादी वाचून ठेवा. बास क्लॅरिनेटवर बेनी मॉपिन आहे, तोच पुढे 'हेड हंटर्स'वर भेटतो. ड्रम्सवर लेनी व्हाइट आहे, तो रिटर्न टू फॉरएव्हरमध्ये.