नियम मोडणं आणि फसवणूक, दोन्ही एकच?

सायकल शर्यतींमधल्या फसवणुकीवरच्या लेखात लेखकाने रिची पोर्ट आणि निबाली या सायकलपटूंना एकाच माळेचे मणी ठरवलंय, ते अजिबात पटलं नाही.

२०१५ च्या जिरोमध्ये, म्हणजे इटलीच्या अनेक टप्प्यांच्या मोठ्या सायकल शर्यतीत, फोर्ली शहराच्या टप्प्यात शेवटचे पाचेक किलोमीटर उरले असताना पोर्टचं चाक पंक्चर झालं. टीमची गाडी जवळ नव्हती. सायमन क्लार्क दुसऱ्या टीमचा, पण तोही ऑस्ट्रेलियन. त्याने रस्त्याच्या कडेला थांबून स्वतःच्या सायकलचं पुढचं चाक काढलं आणि पोर्टला बसवून दिलं. कॅमेऱ्यासमोर, सगळ्या जगाच्या देखत! लपवायचं असतं तर असं कोणी करेल का? दुसऱ्या टीमच्या मदतीबद्दल दोघांनाही दोन मिनिटांची पेनल्टी आणि २०० स्विस फ्रँक दंड झाला. पंक्चरमध्ये ४७ सेकंद आधीच गेले होते, त्यामुळे एकूण क्रमवारीत पोर्ट तिसऱ्यावरून थेट बाराव्या क्रमांकावर.

दुसऱ्या टीमची मदत नको हा नियम मला मान्य आहे. तो नसेल तर श्रीमंत टीम पैसे मोजून शर्यतीतले निम्मे सायकलपटू विकत घेतील. पण हेतू न बघता वेळेत दोन मिनिटं वाढवणं फार झालं, दंडावर भागलं असतं.

निबालीचं तसं नाही. त्याच वर्षीच्या वुएल्तात, म्हणजे स्पेनच्या अशाच शर्यतीत, पडल्यावर मागे राहिलेला हा गडी टीमच्या गाडीला धरून सुसाट पुढे गेला. हेलिकॉप्टरच्या चित्रीकरणात सगळं स्पष्ट दिसलं आणि त्याला स्पर्धेतून काढलं, ते योग्यच झालं. तिथे सोबतच्या सायकलपटूंचे कष्ट लुबाडले गेले. क्लार्कने कोणाचं काय लुबाडलं, हे लेखकाने सांगावं.