हौदा आणि एक काना

हौदा आणि हौद यांत एका कान्याचा फरक आहे, आणि जूनचा पहिला पाऊस पडला की तोही उरत नाही. पिकअपच्या हौद्यात, म्हणजे मागच्या माल भरायच्या उघड्या भागात, पाणी साचतं. त्याखाली ओल्या वाळूचा थर असतो आणि वाळूखाली कोणीतरी ‘पत्रा खराब होऊ नये’ म्हणून अंथरलेली रबरी मॅट. पत्रा खराब होतो तो या मॅटमुळेच. वरून ती उन्हात वाळून खडखडीत दिसते, खाली ओल महिनोन्‌महिने मुक्कामाला असते. त्यात एखादं खताचं पोतं फाटलं किंवा मासळीच्या क्रेटमधून खारं पाणी गळलं, की गंजाला बोलावणं गेलंच.

मग एके दिवशी हौद्यातून खालचा रस्ता दिसतो. भोक असतं रुपयाएवढं. मालक म्हणतो, “एवढंसं तर आहे, घरीच ठिगळ लावू.” पुढचे तीन रविवार गेले असं समजा.

रुपयाएवढं भोक हा निव्वळ देखावा असतो. त्याच्याभोवती हातोडीने टकटक करत बाहेर सरकायचं. टणटण आवाज आला तर पत्रा जिवंत आहे, ‘भद्‌’ झालं तर गेला. जिवंत पत्रा लागेपर्यंत खडूची खूण बाहेर सरकते, आणि रुपयाचं ताट होतं, ताटाची परात होते. मराठीत गंज हे भांड्याचंही नाव आहे, ते उगाच नसावं. एवढ्यावर थांबू नका, गाडीखाली झोपून तळाला आधार देणाऱ्या आडव्या लोखंडी चॅनेलमध्ये पेचकस खुपसून बघा. तो आत गेला तर ठिगळाचा विषय संपला. माझा हिशेब सरळ आहे: तळाचा तिसरा हिस्सा ‘भद्‌’ म्हणत असेल तर सगळा तळ बदलायचा. कुजक्या पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही. रॉड टेकवला की भोक पडतं, ते भरायला गेलं की शेजारी दुसरं पडतं, आणि तासाभराने हौद्याची चाळण होते.

आता पत्र्याचं गणित. हौदा धरा नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद. बाजारात पत्रा मिळतो आठ बाय चार. उभा टाकला तर लांबीला पुरत नाही, रुंदीलाही नाही. म्हणून दोन पत्रे आडवे टाकायचे. आठ फूट झाकले जातात, एक फूट उघडा राहतो. तो उरलेल्या तुकड्यांतून काढायचा, पण त्या पट्टीला मध्ये जोड येतो. शिवाय चार आणि आठ फुटांवरचे जोड बरोबर आडव्या चॅनेलवर बसायला हवेत. ते बसत नाहीत. तिथे नवा चॅनेल टाकायचा, नाहीतर पहिल्याच खेपेत जोड तोंड उघडतो.

जाडीच्या बाबतीत प्रत्येक मालकाला तीन मिलिमीटर हवा असतो. दोन मिलिमीटरचा तळ साधारण ७२ किलो भरतो, तीनचा १०८. वरचे ३६ किलो गाडी जन्मभर फुकट वाहणार, म्हणजे दर खेपेला टोमॅटोचा दीडेक क्रेट कमी. दगड-विटा भरत नसाल तर दोन पुरे. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पत्रा स्वस्तात मिळतोय म्हणून आणलात तर वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर आधी घासून काढा. जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, आणि घरचे डास शोधत बसतात.

हौदा चासीवरून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरून, उचलायचा असेल तर त्याला चासीशी बांधणाऱ्या यू-बोल्टच्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. तरीही निम्मे नट हलत नाहीत. ते ग्राइंडरने कापा, गॅसने तापवू नका, शेजारीच डिझेलची टाकी आणि ब्रेकचे पाइप आहेत. हौदा आणि चासीमधल्या लाकडी किंवा रबरी पट्ट्या जपून ठेवा. त्या गेल्या तर खड्ड्यात चासी पिळवटते आणि हौद्याचे जोड तडकतात.

वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची. अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावायचा, नाहीतर करंट बेअरिंगमधून वाट काढतो. वेल्डिंगला अडीच मिलिमीटरचा ६०१३ नंबरचा रॉड, करंट ७० अँपिअरच्या आसपास. एका टोकापासून शिवणयंत्रासारखं ओढत गेलात तर पत्रा पापडासारखा फुगतो. इंचभर इथे, इंचभर समोरच्या कोपऱ्यात, मध्ये पाच-सहा इंच मोकळे, असं उड्या मारत जायचं. आणि फाळका, म्हणजे हौद्याची मागची झडप, बंद करून, कडी लावूनच टाके मारायचे. वेल्डिंग थंड होताना पत्रा ओढतो. फाळका उघडा ठेवून केलेल्या कामात शेवटी कडी बोटभर लांब राहते, आणि मग चार माणसं लाथा घालून हौदा बंद करतात.

एवढ्यात बघ्यांची गर्दी जमलेली असते. “दादा, एक सांगू का?” असं म्हणणारा माणूस काच न धरता ठिणगीकडे बघतच सांगतो. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन त्याला झोप लागत नाही. गावाकडे यावर बटाट्याच्या चकत्या ठेवतात. बटाट्याने गार वाटतं, तेवढंच. त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवा.

हौद्याच्या तळाला बॉडी पुट्टी लावू नका, पहिलं पोतं पडताच ती खपलीसारखी निघते. चारही कोपऱ्यांत दहा-बारा मिलिमीटरची भोकं मात्र पाडा. एवढं भोक बुजवून पुन्हा भोक पाडताना मालकाचा चेहरा बघण्यासारखा असतो, पण पाण्याला वाट लागतेच. वाढीव हौद्याचा मोह आवरा. गाडीच्या मापात फेरफार करायला मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ची आडकाठी आहे.

शेवटी रेड ऑक्साइडचं विटकरी अस्तर, आणि ते वाळलं की वरून रंग. रेड ऑक्साइड एकटं पाणी अडवत नाही. तरीही ‘रंग दसऱ्याला’ असं ठरतं. दसऱ्याला त्याच विटकरी फाळक्यावर झेंडूचा ओला हार चढतो. आत नवीन रबरी मॅट अंथरलेली असते.