बांधावरचा इसम

कालपासून माझ्या पार्श्वभागाचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. खाली मजकूर : 'शेतात सर्व्हे करणारा इसम. ओळख पटल्यास कळवा.' मामेबहिणीला पटली. शर्टावरून, असं ती म्हणते.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली भातशेती, भर दुपार. मी बांधावर पालथा, कोपरं चिखलात, हातात कॅमेरा, त्याला अगदी जवळून टिपणारी शंभर एमएमची मॅक्रो लेन्स. समोर काटकीवर लालगुलाबी चतुर, शेपूट थेट सूर्याकडे रोखलेलं. हा काही योगासनाचा वर्ग नव्हे; अंगावर ऊन कमी पडावं म्हणून तो असा उभा राहतो. इतक्या जवळून लेन्सचं छिद्र बारीक, एफ अकरावर ठेवलं तरी मिलिमीटर-दोन मिलिमीटरच स्पष्ट येतं. डोळे साधले की पंख गेले. मी श्वास रोखला आणि मागे स्कूटर थांबली.

"कितें मापतात?"

"काही नाही काका, किड्याचा फोटो काढतोय."

"किड्याक इतलो व्हड कॅमेरो?"

भांडण नीट व्हावं म्हणून मग काकाही कोंकणीवरून मराठीवर आले.

"किडा कुणाच्या सर्व्हे नंबरात बसलाय?"

"काटकीवर बसलाय."

"काटकी पलीकडल्यांची. तुम्ही लोळताय ते आमचं. कन्व्हर्जन झालं का?"

"किड्याचं?"

"जमिनीचं! शेतजमीन बांधकामासाठी करून घ्यायला दिल्लीवाल्यांनी पाठवलंय ना? आणि किडा कुठाय, दाखवा."

चतुर केव्हाच उडाला होता. तो फिरून त्याच काटकीवर येतो, हे मी छातीठोकपणे सांगितलं. मग दोघेही रिकाम्या काटकीकडे बघत उभे! येणार कसा? चतुराला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, आणि काकांची सावली नेमकी काटकीवर. बाजूला व्हा म्हटलं, तर म्हणाले, "माझ्या जागेत मी कुठंही उभा राहीन." मी पुन्हा वाकलो, तेव्हा त्यांनी तो ऐतिहासिक फोटो काढला.

दोन शेतं सोडून पलीकडे रातोरात डंपरनं लाल माती ओतलीय. तिथल्या साचलेल्या पाण्यात चतुरांची पिल्लं डासांच्या अळ्या खाऊन वाढायची. आता पत्र्याचं कुंपण आहे. त्याचा फोटो ग्रुपवर नाही.

"तिकडे विचारलंत का, काका?"

"थंय वॉचमन आसा. विचारूंक दिना."

वळताना त्यांचा पाय माझ्या डिफ्यूजरवर, म्हणजे फ्लॅशचा उजेड मऊ करणाऱ्या आवरणावर पडला. दुधाच्या पिशवीचा, घरी केलेला होता. पण आत फ्लॅश होता. तो काही घरी केलेला नव्हता.